हाताने भरवायचं पिल्लू आणि खान्देशचं ऊन

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा आटोपल्या की जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे पक्षी विकणाऱ्यांकडे गर्दी वाढते. मुलांचा हट्ट असतो आणि आई-वडिलांनाही ‘हाताने भरवलेला’ पक्षीच हवा असतो. मग पुरती पिसंही न फुटलेलं कॉकटेलचं (डोक्यावर तुरा असलेला छोटा परदेशी पोपट, कॉकटिएल) पिल्लू पुठ्ठ्याच्या खोक्यातून घरी येतं. सोबत एक सिरिंज, पिठाची पुडी आणि ‘कोमट करून दिवसातून तीन-चारदा द्या’ एवढी सूचना. कोमट म्हणजे किती, एका वेळी किती, चोचीच्या कोणत्या बाजूने आणि पोट भरलं हे ओळखायचं कसं, हे कोणी सांगत नाही. पिल्लं दगावतात ती बहुतेक याच चार ठिकाणी चुकल्यामुळे. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी एक गैरसमज दूर व्हायला हवा. सिरिंजने भरवलं तरच पक्षी माणसाळतो, हे खरं नाही. तो माणसाळतो रोज हाताळल्याने. पिल्लू आई-बापाजवळच पेटीत राहू द्या. दोन आठवड्यांचं झालं की दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढून ओंजळीत धरा, त्याच्याशी बोला आणि परत ठेवा. भरवण्याचं काम आई-बाप करतात आणि ते आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं करतात. बजीच्या (आपल्याकडे सरसकट लव्हबर्ड म्हणतात तोच हा छोटा पक्षी) पिल्लाला तर हाताने भरवण्याची काहीच गरज नसते. पाच-सहा आठवड्यांचं, स्वतः दाणे फोडून खाणारं पिल्लू आणलं आणि घाई न करता वेळ दिला, तर महिन्याभरात ते बोटावर बसतं.

घेताना पिल्लू स्वतः खातं का, हे दहा मिनिटं उभं राहून बघता येतं. बोट पुढे केल्यावर मान वर-खाली हलवत एकसारखं ओरडत असेल तर ते अजून भरवण्यावर आहे. वाटीत चोच घालतं म्हणजे खातं असंही नाही, पुष्कळ पिल्लं दाणे नुसते चिवडतात. वाटीवर हलकी फुंकर मारा. फोडलेली टरफलं उडाली तर खातं, नुसते दाणे सरकले तर नाही. विकणारा म्हणेल, ‘दोन दिवसांत शिकेल.’ त्या दोन दिवसांत ते उपाशी मरू शकतं.

तरीही काही वेळा हाताने भरवावंच लागतं. मादी मरते, आई-बाप पिल्लांची पिसं उपटतात, किंवा पाच-सहा पिल्लांत शेवटचं मागे पडतं. पुढचं सगळं अशा वेळेसाठी, आणि ज्यांनी पिल्लू आधीच आणलं आहे त्यांच्यासाठी. आकडे कॉकटेलचे आहेत, कारण आपल्याकडे भरवायला आणतात ते बहुधा तेच. दोन आठवड्यांच्या आतलं पिल्लू नवख्याने हातात घेऊ नये. त्याला रात्रीही दर दोन-तीन तासांनी भरवावं लागतं आणि एक चूकही भोवते.

तीन वस्तू पिल्लाच्या आधी घरात हव्यात: अन्नात बुडवता येणारा थर्मामीटर, एकेका ग्रॅमचा फरक दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, आणि खोक्यात ठेवायचा तापमान-आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. तिन्ही मिळून पिल्लाच्या किमतीपेक्षा स्वस्त पडतात.

आता अन्न. पक्ष्यांच्या पिल्लांसाठी तयार मिळणारी भुकटीच वापरा. दूध-पाव, दुधात भिजवलेली चपाती, लहान मुलांचं डब्यातलं दूधमिश्रित पीठ, यातलं काहीही नको. दुधातली साखर पक्ष्याला पचत नाही, हगवण लागते. नुसतं डाळव्याचं पीठ कालवून पोपटाला भरवायची जुनी पद्धत आहे, पण त्यात कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं पुरेशी नसतात, हाडं वाकतात. भुकटीचं प्रमाण डब्यावर दिलेलं असतं तेच पाळा. दोन आठवड्यांच्या पुढच्या पिल्लाला साधारण एक चमचा भुकटीला दोन ते अडीच चमचे पाणी लागतं. कालवल्यावर दोन मिनिटं थांबा, ते फुगून घट्ट होतं. चमच्यावरून सलग धार पडली पाहिजे, कढीपेक्षा दाट आणि पिठल्यापेक्षा सैल. फार पातळ दिलं तर पोट भरलेलं दिसतं पण वजन वाढत नाही. फार घट्ट दिलं तर ते पुढे सरकत नाही.

पाणी उकळून निववलेलं घ्या. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातूनच चटका देणारं येतं, म्हणून ‘नळाचं कोमट’ हा हिशेब आपल्याकडे चालत नाही.

भरवताना अन्न 39 ते 41 अंश सेल्सिअस हवं. हा आकडा लिहून भिंतीला चिकटवा. 38 च्या खाली गेलं की पिल्लू घ्यायला नाखूश होतं आणि घेतलेलं लवकर पचत नाही. 43 च्या वर गेलं तर छातीवरची अन्नाची पिशवी, पाळणारे जिला ‘क्रॉप’ म्हणतात, ती आतून भाजते. दुर्दैव असं, की भाजल्याचं त्या दिवशी कळत नाही. चार-पाच दिवसांनी, कधी आठवड्याने छातीवर लालसर-काळी खपली धरते, ती निघते आणि भोकातून अन्न बाहेर ओघळू लागतं. मग टाके घालण्यावाचून इलाज नसतो. मनगटावर थेंब टाकून बघणं पुरेसं नाही, आपल्या कातडीला तीन-चार अंशांचा फरक नीट कळत नाही, त्यातून उन्हातून आलेल्या हाताला तर नाहीच. मायक्रोवेव्ह वापरूच नका. त्यात अन्न वरून कोमट लागतं आणि मध्ये उकळत्या गाठी राहतात. गरम पाण्यात भुकटी कालवा, ढवळा, मधोमध थर्मामीटर धरा. वाटी दुसऱ्या मोठ्या वाटीतल्या गरम पाण्यात ठेवली तर दोन-तीन पिल्लांचं होईपर्यंत ऊब टिकते, पण दर पिल्लागणिक पुन्हा मोजा, कारण खालच्या पाण्याने अन्न वाजवीपेक्षा तापतं सुद्धा. सिरिंजमध्ये भरलेलं पाच-सात मिली मिनिटभरात निवतं, तेव्हा भरून बोलत बसू नका.

उरलेलं अन्न फेकून द्यायचं. फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा तापवणं म्हणजे जंतू वाढवून भरवणं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कालवलेली वाटी ओट्यावर तासभर राहिली तरी आंबते. भुकटीचा डबा मात्र झाकण घट्ट लावून फ्रिजमध्येच ठेवा.

नवख्याने सिरिंजऐवजी चमचा वापरावा असं आमचं ठाम मत आहे. स्टीलचा चहाचा चमचा घ्या आणि पकडीने त्याच्या दोन्ही कडा आत वळवून टोकाला पन्हळ करा. पिल्लू त्यातून आपल्या गतीने ओढून घेतं, तुम्ही जबरदस्ती करू शकत नाही. वेळ जास्त लागतो, सांडतंही, पण श्वासनलिकेत अन्न जाण्याचा धोका बराच कमी होतो. सिरिंजच वापरायची तर कॉकटेलला 10 मिलीची घ्या. तिच्या टोकाला रबरी नळी अडकवू नका. ती सुटून पिल्लाच्या पोटात जाते आणि शस्त्रक्रियेशिवाय निघत नाही. दट्ट्याचं रबर धुऊन-उकळून अडकू लागलं की सिरिंज बदला. अडकलेला दट्ट्या जोर लावल्यावर एकदम सुटतो आणि दोन मिली एका झटक्यात घशात जातात.

घशाची रचना एकदा समजली की हात चुकत नाही. पिल्लाने चोच उघडली की जिभेच्या मुळाशी मधोमध एक बारीक फट उघडझाप करताना दिसते. ती श्वासनलिका. अन्ननलिका तिच्या मागून पिल्लाच्या उजव्या अंगाने खाली जाते. म्हणून सिरिंज पिल्लाच्या डाव्या कोपऱ्यातून आत घालायची आणि टोक त्याच्या उजवीकडे वळवायचं. पिल्लू तुमच्याकडे तोंड करून बसलं असेल तर त्याची डावी बाजू तुमच्या उजव्या हाताला येते. टेबलावर टॉवेल पसरा, दुसऱ्या हाताची दोन बोटं डोक्याच्या दोन्ही बाजूंना अलगद ठेवा, मान दाबू नका. टोक चोचीला लागलं की भुकेलं पिल्लू मान जोरजोराने वर-खाली करतं. या हालचालीत श्वासनलिका मिटलेली असते, आणि अन्न फक्त तेव्हाच सोडायचं. मान थांबली की तुमचा अंगठाही थांबला पाहिजे. जे पिल्लू मान हलवत नाही त्याला भरवायचं नाही. एक तर त्याचं पोट भरलेलं आहे, किंवा ते थंड पडलं आहे, किंवा आजारी आहे. नाकपुडीतून अन्न आलं, खोकल्यासारखा आवाज झाला तर लगेच थांबा, पिल्लाला पुढे वाकतं धरा आणि त्याला आपलं आपण मोकळं होऊ द्या. त्यानंतर श्वासाला शेपटी हलू लागली, श्वासात टकटक आवाज येऊ लागला तर तो फुप्फुसाचा दाह, घरी थांबण्यात अर्थ नाही.

एका वेळेचं माप वजनाच्या सुमारे दहा टक्के. 50 ग्रॅमच्या पिल्लाला 5 मिली, 80 ग्रॅमच्या पिल्लाला 8 मिली. दोन आठवड्यांच्या पिल्लाला सकाळी सहापासून रात्री दहा-अकरापर्यंत पाच वेळा, तिसऱ्या आठवड्यानंतर चार वेळा, पाचव्यात तीन वेळा, मग दोन. पण घड्याळापेक्षा क्रॉपकडे बघा. भरल्यावर तो पाणी घातलेल्या फुग्यासारखा मऊ लागला पाहिजे. ढोलासारखा ताणला तर जास्त झालं, तो सैल पडून लोंबतो आणि पुढे नीट रिकामाच होत नाही. दोन जेवणांच्या मध्ये तो बराचसा उतरलेला हवा आणि चोवीस तासांतून एकदा, म्हणजे पहाटे, पूर्ण रिकामा. पहाटे बोट लावल्यावर आत कालच्या अन्नाची गाठ लागली तर त्यावर नवीन अन्न ओतू नका. खालचं नासलेलं असतं, वरचंही नासतं.

आधी कारण शोधा. खोकं थंड होतं का, अन्न निवलेलं होतं का, घट्ट झालं होतं का, पिल्लाला पाणी कमी पडलं का. पिल्लाला ऊब द्या, दोन मिली कोमट पाणी पाजा आणि क्रॉप बोटाच्या पेराने अगदी हलका चोळा. तीन-चार तासांत उतरला तर पुढचं अन्न पातळ आणि निम्मं द्या. नाही उतरला, आंबूस वास आला किंवा पिल्लू ओकू लागलं तर आत बुरशी किंवा जंतू वाढले आहेत, आणि अन्न नळीने बाहेर काढून औषध देणं हे पशुवैद्यकाचंच काम. कोंबड्यांसाठी आणलेलं अँटिबायोटिक अंदाजाने देऊ नका, त्याने बुरशी आणखी फोफावते. आपल्याकडच्या दवाखान्यांत गाई-म्हशींचीच रांग असते, तेव्हा पक्षी बघणारे डॉक्टर कोण, हे पिल्लू आणण्याआधीच फोन करून विचारून ठेवा.

प्रत्येक वेळी भरवल्यावर ओल्या कापसाने चोच, चोचीचे कोपरे आणि हनुवटीखालची पिसं पुसा. वाळलेल्या अन्नाखाली कातडी सडते, आणि आपल्या भागात त्याच वासावर लाल मुंग्या येतात. रात्रीत मुंग्यांनी पिल्लू संपवल्याची उदाहरणं थोडी नाहीत. खोकं स्टुलावर ठेवून स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्यांचा खडू खोक्याजवळ ओढू नका, ते विष आहे.

आता ज्या कारणासाठी हे पत्र उन्हाळ्यातच धाडायचं होतं ते. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले थंड देशांतले आहेत, त्यांत सगळा भर ऊब देण्यावर असतो. पंखांचे काटे फुटू लागलेल्या दोन आठवड्यांच्या पिल्लाला 30 ते 32 अंश लागतात, तीन आठवड्यांच्याला 27 ते 29, पूर्ण पिसं आलेल्याला 25 च्या आसपास पुरतात. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो आणि पत्र्याखालची खोली रात्रीसुद्धा 36 च्या खाली येत नाही. अशा खोलीत वाचलेल्या सल्ल्याप्रमाणे खोक्यात बल्ब लावला तर पिल्लू शिजतं, दुसरा शब्द नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकणं, पंख अंगापासून लांब धरणं, कातडी लालबुंद आणि सुरकुतलेली होणं ही उष्म्याची खूण. एप्रिल ते जून बल्ब काढून टाका. खोकं घरातल्या सगळ्यात खालच्या, फरशीच्या खोलीत न्या. खिडकीला ओलं गोणपाट लावा. कूलर चालेल, पण त्याचा झोत थेट खोक्यावर नको, भिंतीवर आपटून खोलीत फिरू द्या. बर्फाच्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला टेकवली तर पिल्लू स्वतः जवळ-लांब सरकून सोय बघतं. अन्न या दिवसांत थोडं पातळ ठेवा. भरवण्याचं तापमान मात्र 39 ते 41 च, ‘ऊन आहे म्हणून गार भरवू’ असं करू नका.

हिवाळ्यात याच्या उलट. ज्या थंडीने रावेर-यावलच्या केळीला चरका बसतो, त्या रात्री पिल्लू उघडं ठेवलं तर सकाळपर्यंत क्रॉप थांबलेला असतो. इथे एक नवी चूक होते: लोक एलईडी बल्ब लावतात. तो उजेड देतो, ऊब नाही. जुना 40 वॅटचा पिवळा बल्ब किंवा पाळीव प्राण्यांसाठी मिळणारा सिरॅमिक हीटर लावा, तोही खोक्याच्या एका टोकाला, जाळीबाहेर. दुसरं टोक गार राहिलं पाहिजे. मीटर पिल्लाच्या उंचीवर ठेवा, झाकणाजवळ नाही. लोडशेडिंगसाठी गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून तयार असू द्या. थंड पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग अर्ध्या तासाने पाणी, आणि सगळ्यात शेवटी अन्न. हा क्रम उलटवला तर अन्न आतच सडतं.

खोक्याच्या तळाला नुसतं वर्तमानपत्र नको. त्यावर पाय घसरून फाकतात आणि तसेच कडक होतात. जुना टॉवेल आणि त्यावर टिश्यू पेपर, रोज दोनदा बदलायचा. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो, आणि काळ्या मसाल्यासाठी मिरच्या भाजायच्या दिवशी तो खकाणा पिल्लापर्यंत पोहोचता कामा नये. डासांची कॉइलही नको. पिल्लू चार-पाच आठवड्यांचं झालं की अचानक उडतं, त्या दिवसापासून ते बाहेर असताना छताचा पंखा बंद.

रोज पहाटे, पहिलं भरवण्याआधी, क्रॉप रिकामा असताना वजन करून वहीत लिहा. चौथ्या आठवड्यापर्यंत ते वाढतच राहायला हवं. एक दिवस जरी घटलं तरी काहीतरी बिघडलं आहे, आणि हे डोळ्यांना दिसायच्या दोन दिवस आधी काटा सांगतो.

दाण्यावर आणताना घाई करू नये. चार आठवड्यांपासून उथळ ताटलीत भिजवलेला राळा, उकडलेल्या अंड्याचा चुरा, मेथी आणि शेवग्याचा पाला ठेवा. बाजरीचं कोवळं कणीस मिळालं तर याहून चांगलं काही नाही. पिल्लू खेळता खेळता दाणे उपटतं आणि फोडायला शिकतं. भिजवलेलं काहीही उन्हाळ्यात दोन तासांवर ठेवू नका. बुरसट शेंगदाणे कधीच नकोत. आधी दुपारचं भरवणं कमी होतं, मग सकाळचं, रात्रीचं सगळ्यात शेवटी. पिल्लू सात ते दहा आठवड्यांचं होईपर्यंत हे चालतं. या काळात वजन उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत चालतं, त्याहून खाली गेलं की पुन्हा एक वेळ भरवा. उपाशी ठेवून शिकवणारे पक्ष्याला भित्रा आणि चावरा करतात.

कायद्याचंही दोन शब्दांत. राघू, पहाडी पोपट, मैना, मुनिया हे आपले रानपक्षी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. त्यांचं पिल्लू विकत घेणं किंवा पाळणं गुन्हा आहे, कितीही प्रेमाने पाळलं तरी. झाडाखाली पडलेलं दिसलं तर परत ढोलीत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई-बाप सोडत नाहीत, ती समजूत चुकीची आहे. जखमी असेल तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. बजी आणि कॉकटेल पाळता येतात. कोन्यूर, मकाव, आफ्रिकन ग्रे या परदेशी पोपटांची मात्र केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद लागते. आणि दुकानदारांना 2018 च्या नियमांप्रमाणे राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे, ती भिंतीवर लावली आहे का, हे ग्राहकाने विचारावं.

विक्रेत्यांना आमची एक विनंती आहे. दाण्यावर न आलेलं पिल्लू विकूच नये. तेवढं होत नसेल तर निदान पिल्लासोबत एक चिठ्ठी द्यावी. अंड्यातून बाहेर आल्याची तारीख, त्या दिवशी पहाटेचं वजन, कोणत्या कंपनीची भुकटी, एका वेळी किती मिली, दिवसातून किती वेळा, आणि शेवटचं किती वाजता भरवलं. वाटेत एस.टी.त दोन तास गेले तर घरी पोहोचल्यावर लगेच भरवायचं की थांबायचं, हे त्या शेवटच्या ओळीवरूनच ठरतं.

आपले,
भुसावळ परिसरातील काही पक्षीपालक